दिन्याच्या नावाचा नारळ

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण मी सांगायला लागले की माझं डोकं तापतं आणि समोरच्याचा चहा गार होतो. असा पराक्रम करून बसलेय मी, की आमच्या मुलुंडच्या वसाहतीतल्या बायका अजून मला बघून तोंडाला पदर लावतात. आणि केला कुठे? भर मैदानात, माइकवरून, देवाला साक्षी ठेवून!

तसं मला रागीट कुणी म्हणणार नाही हं. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तरी मी 'आज जरा पातळ वाटलं हो भय्या' एवढंच म्हणते. पण कबड्डी! कबड्डीचं नाव निघालं की माझ्या अंगात कोण शिरतं, देव जाणे.

आमचे बाबा गिरणीच्या संघातून खेळायचे. चवड्याची पकड करावी तर त्यांनीच. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून मैदानाच्या फक्कीशेजारी, त्या चुन्याच्या पांढऱ्या रेघेशेजारी, बसून वाढले. त्यामुळे मला खेळातलं कळतं. आणि कळतं म्हणूनच चीड येते!

तुम्हीच सांगा, हल्लीच्या कंपन्यांचे संघ खेळतात ती काय कबड्डी आहे? पायात पांढरेशुभ्र बूट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, डोक्यावर केसांचा कोंबडा. चढाईला जायचं, पलीकडच्या अंगणातल्या निदान रेषेला पाय लावायचा आणि मागे! जसं काही शेजारणीकडे विरजण मागायला गेले आणि दाराला कुलूप बघून परत आले. एकदा आघाडी मिळाली की संपलं. उरलेला सगळा वेळ नुसते दम घुमवत उभे. अरे, लोक काय तुमचे बूट बघायला आलेत? आणि पंच! त्यांचं तर नावच काढू नका. पोराचा पाय रेषेच्या हातभर बाहेर पडलाय, झाडावर चढून बसलेल्यांनाही दिसतोय, आणि हे शिट्टी पुसतायत.

पण या सगळ्यांपेक्षा माझा राग कंपन्यांवर. मंडळाने पोरगा घडवायचा, मातीत लोळवायचा, गूळ-चणे खाऊ घालायचे. आणि तो तयार झाला की यांनी यायचं, बाजारात पापलेटचे कल्ले उघडून बघावेत तसा बघायचा आणि पिशवीत टाकून न्यायचा! खेळतोय तोवर 'या दिनेशराव'. गुडघा गेला की 'कोण रे तू?'

हा दिनेश म्हणजे आमचा दिन्या. माझी शेजारीण शालन, तिचा मुलगा. आमच्या सोनचाफा मंडळाचा सगळ्यात मोठा चढाईपटू. त्याच्या बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हापासून ते एका वाण्याकडे पुड्या बांधतात. पोरगं अर्धं माझ्याच घरात वाढलं. माझ्या हातच्या भाकऱ्या आणि सुकटीवर त्याच्या मांड्या झाल्यात, हे शालनसुद्धा कबूल करते.

तर एक दिवस मी पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होते आणि वरून हा उतरला. अंगात निळाभोर नवाकोरा ट्रॅकसूट. पाठीवर कंपनीचं नाव, एवढं मोठं की लोकलमधून वाचता यावं!

"काकी, बघ! मरोळच्या कंपनीने संघात घेतलं मला. सध्या हंगामी आहे, पण..."

पण काय, ते मी ऐकलंच नाही. माझ्या कानात नुसता भोंगा वाजत होता.

"आणि आपलं मंडळ?" मी विचारलं.

"अगं, मंडळ कुठे जातंय? तेच तर सांगतोय तुला..."

"काही सांगू नकोस! कळलं मला. जा, पांढरे बूट घाल जा!"

आता माझी चूक काय झाली, ते सांगते. बाबांच्या वेळी जो गिरणीचा झाला तो गिरणीचाच झाला. आमच्या मंडळातून कंपनीने उचललेला हा पहिलाच मुलगा. त्यामुळे मला वाटलं, गेला! परका झाला! आता हाच आमच्या अंगावर चढाई करायला येणार.

त्याच संध्याकाळी शालन आली. वाटीत शिरा, वर दोन बेदाणे. चेहरा नुसता फुललेला. मी वाटी घेतली, 'छान' म्हटलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटी घासली, पुसली आणि परत दिली. रिकामी!

हसू नका. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करणं म्हणजे काय, ते बायकांना विचारा. काही नसलं घरात, तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. शालनने त्या वाटीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या दोन दारांमध्ये मध्यरेषा आखली गेली.

आमचे हे मला समजावायला बघायचे. "अगं, स्पर्धांचा नियम असा आहे की..."

"तुम्ही गप्प बसा! तुम्ही क्रिकेटवाले! दिवसभर उभं राहून जेवायला घरी जाणारे! तुम्हाला काय कळतंय कबड्डीतलं?"

बिचारे पेपरात तोंड खुपसायचे. मीही आतून पेटलेली. भाजी चिरताना दिन्या, कपडे पिळताना दिन्या. चादर तर मी अशी पिळली की मधोमध फाटली!

मग आला आमच्या मंडळाच्या स्पर्धेचा शेवटचा रविवार. स्थानिक गटात अंतिम सामना आमचा आणि कांजूरमार्गच्या संघाचा. दुपारपासून मैदान भरलेलं. व्यासपीठावर सफारी घातलेले कुणी मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते. कोण, कुठले, मी विचारलंही नाही. मला साहेब लोकांचा तसाच वीट आलेला.

आमच्या मंडळात बहुतेक सगळे कोकणातले. त्यामुळे सामन्याआधी मैदानाच्या कोपऱ्यात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, हे ठरलेलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यात आपला आवाज मिळवायचा. हा मान तात्या राऊळांचा. पण आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात ओरडून ओरडून तात्यांचा घसा पार बसलेला. तोंड उघडलं की नुसती हवा!

त्यांनी मला खुणेने बोलावलं. "गो सुमन, तुझ्या बापाशीचा गाऱ्हाणा तुका पाठ असा. तू घाल."

"मी? तात्या, बायका कुठे गाऱ्हाणं घालतात?"

"देवाक आवाज व्हयो. धोतर हा की लुगडा, ता तो बघणा नाय."

झालं! माझ्या हातात माइक आला. आणि लोकहो, मनात महिनाभराचा राग तुंबलेल्या बाईच्या हातात कधी माइक देऊ नये.

सुरुवात मी बरी केली. "बा देवा म्हाराजा! आज ह्या मैदानात तुझी लेकरा जमली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं मैदान गरजलं.

"खेळ सुरळीत होऊ दे, कोणाच्या हातापायाक इजा होऊ नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हवं होतं. पण गाऱ्हाण्यात शेवटी वाईट चिंतणाऱ्यांना देवाच्या हवाली करायची जागा असते ना? तिथे माझी जीभ घसरली नाही हो, तिने उडीच मारली!

"आणि म्हाराजा! जो कोण ह्या मंडळाच्या मातीत वाढलो, आणि निळे कपडे बघून परक्याच्या दारात गेलो, त्याचो दम मध्यरेषेच्या आधी तुटू दे! त्याची तंगडी पहिल्याच चढाईत अडकू दे! त्याचे पांढरे बूट ह्याच मातीत लाल होऊ देत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असेल? शालनचा! बायकांच्या गर्दीत, हात जोडून, डोळे मिटून. तिला वाटलं, पोराच्या संघासाठी चाललंय ते सगळं चांगलंच असणार. निळे कपडे, पांढरे बूट, हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत तिने स्वतःच्या लेकाची तंगडी देवाला देऊनही टाकली होती.

मी नारळ फोडला. काय फुटला म्हणता! एका फटक्यात दोन शकलं!

आणि संघ मैदानात आले. आमची पिवळी बनियन घातलेली सात पोरं. सगळ्यात पुढे, अनवाणी, अंगाला माती लावलेला... दिन्या!

माझ्या पायाखालची फक्की सरकली.

"अहो!" मी ह्यांचा दंड धरला. "हा आपल्यात कसा?"

"आपल्यात नाही तर कुणात? स्थानिक गटात मंडळाकडून, व्यावसायिक गटात कंपनीकडून. बाकीच्या मंडळांची पोरंही अशीच खेळतात. हेच तर सांगत होतो, पण मी पडलो क्रिकेटवाला!"

तेवढ्यात शालन गर्दीतून वाट काढत आली. डोळे भरलेले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "सुमे, काय केलंस गं हे? ते व्यासपीठावर बसलेत ना, ते त्याच्या कंपनीचे साहेब आहेत. आज बघणार त्याला. आवडला तर कायम करणार, नाहीतर या महिन्यात संपली नोकरी. त्याच्या बाबांना आता उभं राहवत नाही गं दुकानात. आणि तू देवाकडे त्याची तंगडी मागितलीस? वर माझ्याकडून व्हय म्हणवून घेतलंस?"

धरणी दुभंगत नाही अशा वेळी. मुलुंडची जमीन फार कडक.

सामना सुरू झाला. दिन्याने चढाईला जाताना एकदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत नुसता अंगार. मी डोळे मिटून घेतले. आता अडकली तंगडी, आता तुटला दम! पण टाळ्या ऐकून डोळे उघडले तर पोरगा दोघांना बाद करून परत आलेला. आल्यावर पुन्हा माझ्याकडे बघितलं. पुन्हा गेला, पुन्हा गुण! मध्यंतरापर्यंत कांजूरमार्गवर लोण चढलं होतं, सातही गडी बाद! साहेब खुर्चीच्या टोकावर आले होते.

कुणीही शहाणी बाई इथे गप्प बसली असती. पण माझ्या मनाला चैन कुठे? देवाकडे मागितलेलं देव विसरतो थोडाच? आत्ता नाही तर उत्तरार्धात देणार! मागितलेलं मागे घ्यायचं, तर दुसरा नारळ हवा. इकडे तिकडे बघितलं. व्यासपीठावर साहेबांच्या सत्काराच्या तबकात शाल, आणि शालीवर छान शेंडीवाला नारळ!

मी गेले आणि उचलला. कुणी थांबवलं नाही, कारण मघाशी माझं गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलं होतं. वाटलं असेल, हिच्या वाटेला कोण जाणार!

"बा देवा म्हाराजा! मघाशी ह्या येड्या बायेन जा मागला, ता पायाखाली घाल, रे म्हाराजा! दिनेश माझो झिल असा. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलो. त्याका उदंड दम दे, त्याची नोकरी कायम होऊ दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी साहेबांनीही हात जोडले. तेही आमच्याकडचेच निघाले. तो नारळही मी फोडला.

दिन्या धावत आला. माझ्या पाया पडला. "काकी!" म्हणाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसले. इतकं गोड चित्र की कॅलेंडरवर छापावं!

आणि उत्तरार्धाच्या पहिल्याच चढाईत तो चवड्याला पकडला गेला.

असू दे, म्हटलं, होतं असं. आत आला, पुन्हा गेला, पुन्हा अडकला. कांजूरमार्गचे बाद झालेले गडी सुटून परत आत आले. आमच्यावर लोण बसलं. दिन्या मैदानात असा फिरत होता, जसा कुणी देवळात प्रदक्षिणा घालतोय. चेहऱ्यावर शांत हसू. समोरच्याला हात लावायचा तर जणू त्याची माफी मागून लावणार!

"अरे, झालंय काय तुला?" बाद होऊन बाहेर बसलेल्या दिन्याला मी रेषेबाहेरून विचारलं.

"काकी, मघाशी तुझ्यावर डोकं फिरलं होतं माझं. दाखवतोच हिला, असं झालं होतं. आता रागच येत नाही गं."

हे शेजारी उभ्या असलेल्या तात्यांनी ऐकलं. बसलेल्या घशातून फुसफुसले, "बाये, परत उलटा गाऱ्हाणा घाल!"

"नारळ कुठाय तात्या? दोन्ही फोडले!"

"मगे नुसत्यो गाळी घाल!"

मी शालनकडे बघितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "सुमे, बघत काय बसलीस? घाल ना शिव्या माझ्या पोराला! वीस वर्षांची मैत्री आहे आपली, एवढं करणार नाहीस?"

पण ठरवून राग येतो का कुठे? मी म्हटलं, "मेल्या... लाज नाही वाटत?" दिन्या गोड हसला. बाजूची पोरंही हसली.

तेवढ्यात आम्हाला गुण मिळाला, एक गडी सुटला आणि दिन्या परत आत गेला. उभं राहताना त्याने गुडघा चोळला. बस्स! तो गुडघा बघितला आणि मला माझे बाबा दिसले. गिरणीचा संघ जिंकावा म्हणून गुडघा मोडून घेतलेले बाबा. चषक साहेबांच्या कपाटात गेला, आणि बाबा परत गिरणीत साच्यासमोर, दिवसभर उभे. एकाही साहेबाने स्टूल दिलं नाही हो बसायला!

मग मात्र मला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. माइक नव्हता, पण लागलाच कुणाला?

"दिन्या! हसतोस काय? खेळ म्हणतात याला? निदान रेषेला पाय लावून पळणारे ते कंपनीचे बाहुले, त्यांच्यातलाच तू! तुला कायम करायचं? कशासाठी? गणपतीत आरास म्हणून उभा करायला? आणि कुणासाठी मरतोयस रे? उद्या हा गुडघा गेला तर ते सफारीतले साहेब तुला ओळख तरी देतील का? पोरांना हंगामी, हंगामी म्हणून झुलवत ठेवतात, आणि चषक मात्र कायमचे कपाटात! विचार त्यांना! घाबरतोस? साहेबाला घाबरतोस आणि कांजूरमार्गलाही घाबरतोस! तुझ्यापेक्षा तुझी आई बरी, नळावर चार बायकांना एकटी भारी पडते ती!"

पंचांची शिट्टी तोंडातच राहिली. दिन्याचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. माझ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेने पापड भाजला असता.

आणि गेला. एकाने चवडा धरला, दुसऱ्याने कमरेला मिठी मारली, तिसरा पाठीवर पडला. पोरगा तिघांना ओढत, दम न सोडता, मध्यरेषेवर आडवा झाला. बोटाचं टोक रेषेपलीकडे! पंचांनासुद्धा दिसलं, म्हणजे बघा!

सामना आम्ही जिंकलो. पोरांनी दिन्याला खांद्यावर घेतलं. शालन माझ्या गळ्यात पडून रडली. मी मात्र व्यासपीठाकडे बघत होते. साहेबांना नुसती शाल मिळाली होती. नारळाच्या जागी कार्यकर्त्यांनी माझ्या नारळाचं एक शकल ठेवलं होतं, धुऊन. आणि ते शकल हातात घेऊन साहेब थेट माझ्याकडे येत होते.

म्हटलं, संपलं. गेली दिन्याची नोकरी, आणि ती मी घालवली.

"बाई," साहेब म्हणाले, "मघाशी जे बोललात ना, ते खोटं नाही. मीही खेळायचो. माझाही गुडघा गेलाय." मग म्हणाले, "दिनेशचं पत्र या आठवड्यात निघेल. कायमचं. पण पुढच्या रविवारी आमचा व्यावसायिक गटाचा सामना आहे. तुम्ही याल का? पोरं फार थंड खेळतात हो आमची."

आणि मी गेले! कंपनीची गाडी न्यायला आली. डोक्यावर कंपनीची निळी टोपी घालून रेषेबाहेर उभी राहिले आणि त्या पांढऱ्या बुटवाल्या सातही जणांची अशी हजेरी घेतली, की मध्यंतरालाच सामना हातात आला. जाते आता अधूनमधून. गल्लीतली पोरं विचारतात, "काकी, आज कुणाकडून?" विचारू देत मेली. चहा-बटाटेवडा मिळतो. फणफणायला मोकळं मैदान मिळतं. बाईमाणसाला आणखी काय हवं?

मागच्या सामन्यात तर गंमतच झाली. समोरच्या कंपनीचे व्यवस्थापक मध्यंतरात माझ्याजवळ आले. इकडे तिकडे बघून, तोंडावर रुमाल धरून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या संघाकडे का येत नाही?"

मी! सोनचाफा मंडळाची! कंपन्या माणसं पळवतात म्हणून महिनाभर जिने दोन घरांत आग लावली ती! अशी ताठ झाले, टोपी सारखी केली, त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले, आणि खोटं कशाला बोलू तुमच्याशी...

मी विचारलं, "कायम करणार का?"